सिगिरिया पहिल्यांदा बघताय? मग एवढं सांभाळा

श्रीलंकेतल्या सिगिरियाला, म्हणजे उंच कातळावरच्या प्राचीन राजवाडा-किल्ल्याला, पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण एकच चूक करतात: धावत माथा गाठतात. पायऱ्या सुमारे 1200 आहेत, दम लागतो आणि मधलं सगळं निसटतं.

सकाळी लवकर चढा, उन्हात कातळ तापतो. पण आधी पायथ्याच्या जलउद्यानात थांबा. तिथली कारंजी केवळ पाण्याच्या उंचीच्या दाबावर चालतात. पावसाळ्यात आजही उडतात.

मग लोखंडी गोल जिन्याने कातळावर रंगवलेल्या भित्तिचित्रांपर्यंत जा. हा किल्ला उभारणाऱ्या कश्यप राजाच्या (477–495) काळातल्या या ढगांतून कमरेपर्यंतच दिसणाऱ्या स्त्रिया. आधी अजिंठा पाहून या, फार फरक पडतो! हातांची ठेवण, दागिने, रेषेचं वळण यांची तुलना करा. फोटोला मनाई आहे, म्हणून नीट बघून घ्या.

पुढच्या आरसा भिंतीला (एकेकाळी आरशासारखी चकचकीत होती) हात लावू नका. तिच्या गिलाव्यावर जुन्या प्रवाशांनी कोरलेल्या सिंहली कविता आहेत, मुख्यतः 8व्या ते 10व्या शतकातल्या.

माथ्याकडच्या शेवटच्या जिन्याशी असलेल्या सिंहाच्या प्रचंड शिल्प-पंजांपाशी आवाज कमी ठेवा, वर गांधीलमाश्यांची पोळी असतात. पाणी सोबत हवंच. राजवंशाच्या सनावळ्या सध्या राहू द्या.