कॅलिफोर्नियात घरी पाळणाघर चालवण्यासाठी परवाना लागतो का?

होय, एकाहून अधिक परक्या कुटुंबांची मुले सांभाळायची असल्यास घरगुती पाळणाघरालाही राज्याच्या समाजसेवा विभागाचा परवाना लागतो. स्वतःच्या मुलांखेरीज एकाच कुटुंबाची मुले सांभाळणाऱ्यास मात्र सूट आहे. राज्याच्या नियमावलीनुसार, घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या, म्हणजे सोबत राहणाऱ्या आजी-आजोबांच्याही, बोटांच्या ठशांवरून पार्श्वभूमी तपासली जाते. पुढे स्वतंत्र केंद्र काढायचे ठरल्यास प्रत्येक मुलामागे आत 35 आणि बाहेर 75 चौरस फूट जागा लागते, आणि एका शिक्षिकेकडे तान्ही मुले फक्त चारच सोपवता येतात. जागेचा करार करण्यापूर्वी हा हिशेब अवश्य मांडावा. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत.