मुलांच्या बाजारात मजुरी कुठं लिहायची?

प्रश्न : नमस्कार सर, मी मिरज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावीला शिकवते. दिवाळीच्या आधी मुलांकडून आकाशकंदील करून घेतले आणि पटांगणात बाल बाजार भरवला. कामट्या, कागद, डिंक, दोरा सगळं मिळून ३८४ रुपये लागले, १२ कंदील झाले, त्यातला एक दप्तराखाली दबून फाटला, उरलेले ११ आम्ही ४० रुपयांना एक असे विकले. ५६ रुपये नफा! मुलं खूश, मुख्याध्यापक पण खूश. पण एका पोरानं विचारलं, "मॅडम, आम्ही दोघं एका कंदिलाला दोन दोन तास बसलो, त्याचं काय?" मला काही बोलता आलं नाही. कला, आपली संस्कृती आणि पैशाचा व्यवहार असं तिन्ही एकत्र घेता येईल असं काही सुचवा, पण तास आठवड्याला दोनच मिळतात.

उत्तर : मॅडम, त्या पोराला आधी माझ्याकडून शाबासकी द्या, कारण इतके बाल बाजार पाहिले पण हा प्रश्न विचारणारं पोरगं मला तरी भेटलेलं नाही. आता फळ्यावर हिशोब मांडा. १२ कंदील, प्रत्येकाला दोन मुलं, दोन तास, म्हणजे ४८ तास झाले. ५६ रुपये भागिले ४८, तासाला सव्वा रुपया पण पडला नाही. मुलं हसतील, हसू दे, मग त्यांनाच विचारा की ह्याला नफा म्हणायचं का. आणि तो फाटलेला कंदील विसरू नका, त्याचं सामान पण उरलेल्या ११ जणांच्याच अंगावर बसलंय, म्हणजे एक कंदील ३२ ला नाही तर जवळजवळ ३५ ला पडला.

मुलांना खरोखर मजुरी वाटा असं मी म्हणत नाही हं, पण वहीत रकाना तर असू दे. सामान, हात, नासाडी. तासाला नुसते ५ रुपये धरले तरी कंदील ५७ च्या आसपास जातो, आणि खरी मजा इथं सुरू होते, कारण बाजारात त्याहून स्वस्त प्लॅस्टिकचा घडीचा कंदील टांगलेला असतो. मग काय करायचं? कोण म्हणेल भाव वाढवू, कोण म्हणेल लहान करू, एखादी म्हणेल एकीनं फक्त कामट्या बांधायच्या, दुसरीनं फक्त कागद चिकटवायचा म्हणजे वेळ वाचतो. करून बघू द्या, घड्याळ लावून. दोन तासांचा सव्वा तास झाला की पोरं स्वतःच परत गणित मांडतात, आपण सांगावं लागत नाही.

अजून एक, "घरचं आहे, फुकटचं" हा शब्द वर्गात चालू देऊ नका. मागं एका बाजारात एक मुलगी हळदीच्या पुड्या घेऊन बसली होती, भाव एकदम स्वस्त, का तर म्हणे हळद घरची. मी म्हटलं बाळा, वडिलांना फोन लाव आणि विचार यार्डात सौद्याला काय दर निघाला. तिनं विचारलं, आणि मग गप्प बसून सगळ्या पुड्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून नवीन लावल्या. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी नोंद, मिळालाय, हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे, २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली, हे सगळं त्याच पुडीवरून सांगता येतं, वेगळा धडा घ्यायची गरज नाही.

आता तुमच्या हाताशी जे आहे ते दुसऱ्या कुणाकडं नाही. मिरज! तुम्ही तालुक्यातच आहात, मुलांना घेऊन एखाद्या तंबोरा करणाऱ्याच्या दुकानात जा, आधी विचारून, दहा-बाराच मुलं न्या, सगळा वर्ग नको. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मिळाला, पण मुलांना ते नंतर सांगा. आधी भोपळा हातात द्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा वाळलेला भोपळा, आतून पोकळ, वजनाला काहीच नाही, टिचकी मारली की आवाज येतो. मग दांडी, तबली म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, खुंट्या. चित्रकलेच्या वहीत हे भाग काढून नावं लिहायला लावा, डोंगर-सूर्य-नारळ एक दिवस सुट्टीवर जाऊ दे.

आणि जवारी, म्हणजे तारेचा आवाज खुलवायचं काम, बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सारतो, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी आलं की मघाशी बसलेला आवाज एकदम फुलतो, पोरांचे डोळे बघा त्या वेळी. मग बाहेर आल्यावर विचारा, दोऱ्याची किंमत किती? काहीच नाही. मग बिलात काय लावायचं? ह्याच्यावर माझ्या वर्गात एकदा तासभर भांडण झालं होतं. एक जण म्हणाला दोरा सारायला दोन मिनिटं लागली तर दोन मिनिटांचे पैसे, दुसरी म्हणाली दोन मिनिटं कशी, ते शिकायला किती वर्षं गेली ते धर की. मी मध्ये पडलो नाही.

बुरुडाकडून कामट्या आणताना मात्र मुलांना घासाघीस शिकवू नका, ही माझी वैयक्तिक खोड समजा. छापील किमतीच्या बिस्किटाला आपण निमूट पैसे देतो आणि हातानं केलेल्या वस्तूला पाच रुपये कमी करा म्हणतो. भाव विचारावा, दोन ठिकाणी विचारावा, वहीत लिहावा, बस.

दोनच तास असतील तर एक तास हाताला आणि एक तास हिशोबाला. महिनाभर एकच वस्तू घ्या.

प्रश्न : सर, मुलगा ११ वर्षांचा आहे, साताऱ्यात राहतो. गल्ल्यात बरेच पैसे साठलेत. बँकेत खातं काढून देऊ का, की अजून लहान आहे? – एक पालक

उत्तर : काढा की. १० वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्वतःच्या नावावर बचत खातं उघडून स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, पोस्टात पण होतं. फक्त बँकेगणिक मर्यादा वेगळ्या, एटीएम कार्ड द्यायचं की नाही तेही बँक ठरवते, तेव्हा शाखेत विचारा. स्लिप तुम्ही भरू नका, त्याला भरू द्या, अक्षरी रकमेत चुकेल, परत भरेल. आणि गल्ला फोडायच्या आधी पैसे कशासाठी साठवले ते त्याला विचारा, नाहीतर सायकलचे पैसे तुम्ही एफडीत टाकाल आणि पोरगं परत कधी गल्ल्यात नाणं टाकणार नाही.

प्रश्न : आमची शाळा खटाव तालुक्यात आहे, सहलीला मुलांना दरवर्षी कोल्हापूर-पन्हाळा नेतो. कलेच्या दृष्टीनं जवळ काही आहे का?

उत्तर : अहो, औंध तुमच्याच तालुक्यात आहे! बाळासाहेब पंतप्रतिनिधी संस्थानिक होते तसेच स्वतः चित्रकार, त्यांनी १९३८ ला उभं केलेलं भवानी संग्रहालय टेकडीवर आहे, तिथं राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्प पण आहे. फक्त मुलांना रांगेनं दालनांतून पळवू नका. प्रत्येकानं एकच चित्र निवडायचं, त्याच्यापुढं वीस मिनिटं बसायचं, आणि लिहायचं की हातात काय आहे, साडी कुठली, उजेड कुठून येतोय. परत आल्यावर विचारा की हे एवढं सगळं गोळा करायला पैसे कुठून आले असतील, कुणी दिले असतील, आणि आज पुन्हा करायचं म्हटलं तर कोण देईल. पाचवीच्या पुढची मुलं ह्याच्यावर छान बोलतात, आधी बसचा खर्च प्रत्येकी किती पडला ते त्यांनाच काढू द्या.