मर्ल ओबेरॉन मुंबईची का?

प्रश्न: जुनी हॉलिवूड हिरोईन मर्ल ओबेरॉन खरंच मुंबईची? मग ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरची का म्हणायचे?

उत्तर: हो, मुंबईचीच, जन्म १९११, अँग्लो-इंडियन घरातली. पण तेव्हा हॉलिवूडमध्ये मोठे रोमँटिक रोल गोऱ्या बायकांनाच मिळायचे, म्हणून जन्म टास्मानियातला अशी स्टोरी रचली आणि तिने ती वर्षानुवर्षं निभावली, अगदी ऑस्कर नॉमिनेशन मिळालं तरी. जिने तिला आई म्हणून वाढवलं ती शार्लट सावळी होती, तर लोकांसमोर तिची ओळख काय, तर घरातली मोलकरीण! १९३७ मध्ये शार्लट वारली, मग मर्लने तिचं पोर्ट्रेट करून घेतलं आणि त्यात तिचा रंग उजळ करायला लावला. मला या चित्राचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं, गेलेल्या माणसालासुद्धा गोरं व्हावं लागलं.