बिनपगारी अध्यक्षपदासाठी एवढी धडपड का?

तुमचा प्रश्न असा की चुलत्यांची तालुक्याच्या संजय गांधी निराधार योजना समितीवर अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली, दारात फटाके वाजले, चौकात फ्लेक्स लागला. पण ना पगार, ना निधी, ना गाडी. मग तीन वर्षं ते आमदारांच्या मागे कशासाठी फिरत होते? वर दोघातिघांनी ‘खायला मिळतं’ असं एका ओळीत उत्तर देऊन टाकलंय. मी तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीतली सहा वर्षं संगायोच्याच, म्हणजे याच संजय गांधी योजनेच्या, टेबलावर काढली. खाणं होतच नाही असं म्हणणार नाही, पण निव्वळ त्यासाठी कुणी तीन वर्षं चपला झिजवत नाही. त्याला याहून सोपे रस्ते आहेत.

आधी काम कसं चालतं ते बघा. योजना १९८० पासूनची. ६५ च्या आतली विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराचा माणूस, असे महिन्याच्या सरकारी अनुदानासाठी अर्ज करतात. अर्जासोबत तलाठ्याचा अहवाल, वयाचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला. अर्ज समितीपुढे जातो. अध्यक्ष आणि अशासकीय सदस्य पालकमंत्र्यांच्या शिफारशीने येतात, तहसीलदार सदस्य सचिव. समिती मंजूर करते किंवा त्रुटीत टाकते.

खरी मेख उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. माझ्या काळात मर्यादा होती वर्षाला २१,००० रुपये. म्हणजे महिन्याला १,७५०. तीनशे रुपये रोजाने खुरपायला जाणारी बाई सत्तर दिवसांत ही मर्यादा गाठते. वर्षात सत्तर दिवससुद्धा कामाला न जाणारी, पण जिवंत असलेली विधवा मी तरी पाहिली नाही. त्यामुळे तलाठी वीस हजाराचा दाखला देतो, सगळ्यांना माहीत असतं की तो तसाच आहे, आणि सगळे मान डोलावतात. आता नियमच इतका घट्ट की त्यात धड कुणी बसत नाही म्हटल्यावर, कुणाच्या दाखल्याकडे डोळे झाकायचे आणि कुणाचा उलटसुलट करून बघायचा, हे ठरवणारा मोठा होतोच. विरोधी गटाच्या वस्तीवरच्या बाईचा अर्ज नाकारायला खोटं काही करावं लागत नाही. ‘फेरचौकशी’ एवढा शेरा पुरतो. तोही अगदी नियमाला धरून असतो.

एक बैठक सांगतो. तालुका सांगत नाही. दोनशेच्या वर अर्ज, मी याद्या करून ठेवलेल्या. अध्यक्ष आले, सोबत कापडाच्या दुकानाची पिशवी, त्यात आणखी चाळीसेक अर्ज. आवक नोंद नाही, तलाठ्याचा अहवाल नाही. म्हणाले, “भाऊसाहेब, हे आधी घ्या.” तहसीलदार फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. (हा फोन मी पुढे बऱ्याच साहेबांना आलेला पाहिला.) चाळीसमधले अठ्ठावीस तरी खरे गरजू होते, हेही सांगायला हवं. पण ज्यांनी चार महिने आधी रांगेत उभं राहून पोच घेतली होती त्यातले तेवढेच पुढच्या बैठकीवर गेले. पुढची बैठक पाच महिन्यांनी झाली.

बरं, मंजूर झालं तरी पत्र लगेच हातात नाही. मंजुरीपत्रांचं वाटप मंगल कार्यालयात, आमदारांच्या हस्ते. आमदारांची तारीख मिळेना म्हणून माझ्या कपाटात ती पत्रं बावीस दिवस पडून. एक आजी दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, येऊन टेबलाजवळ उभी राहायची. पत्र तिथेच, हाताच्या अंतरावर. मी ‘झालंय, येईल’ म्हणायचो. माझं धाडस तेवढंच होतं.

आता यात चुलत्यांना काय मिळतं बघा. आपल्याकडे या अनुदानाला कुणी अनुदान म्हणत नाही, ‘निराधारचा पगार’ म्हणतात. आणि विचारतात, “तुझा पगार कुणी चालू केला?” शासनाने, असं उत्तर मी आयुष्यात ऐकलं नाही. ‘अण्णांनी केला’, ‘दादांनी केला’. पैसा सरकारी तिजोरीतला, हक्क कागदावर बाईचा, आणि उपकार मात्र एका माणसाच्या नावावर जमा. तो निवडणुकीला उपयोगी पडतोच. पण त्याआधी लग्नात पहिल्या ओळीत खुर्ची मिळते, सोसायटीच्या निवडणुकीत बिनविरोध व्हायला मदत होते, पोलीस ठाण्यात गेल्यावर ‘बसा’ म्हणतात. गावात राहणाऱ्या माणसाला ‘बसा’ची किंमत विचारा.

मग समित्याच नकोत, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. सरकार बदललं की अशासकीय सदस्यांच्या नेमणुका रद्द होतात आणि नवी समिती येईपर्यंत तहसीलदारच निकाली काढतात. तेव्हा अर्ज भराभर सुटायचे, पण कमी यायचे. वाडीवरची, कागद नसलेली, तहसीलची पायरी चढायला घाबरणारी माणसं येतच नसत. त्यांना आणणारा तो पिशवीवालाच होता. याचं समाधानकारक उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, तीन वर्षं का लागली, हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नेमणूक अडली होती असं चुलत्यांना वाटत असेल. ती अडली नव्हती, अडवून ठेवली होती. एका अध्यक्षपदाला दहा इच्छुक असतात. खुर्ची भरली की एक खूश, नऊ नाराज. रिकामी ठेवली की दहाही जण सभेला गाड्या भरून आणतात, वाढदिवसाचे फ्लेक्स लावतात. नवीन आमदाराला हे दुसऱ्या वर्षी कळतं, मुरलेल्याला आधीपासून माहीत असतं.

वर मंत्रालयातही हेच, फक्त आकडे मोठे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर बांधली. आपल्या २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसह ४३. बहुमताला १४५ लागतात. म्हणजे कसंही मोजा, सत्तेतले शंभरएक आमदार मंत्रिपदाविना राहणारच. त्यांना आणि पडलेल्या उमेदवारांना दाखवायला महामंडळं उरतात, त्यातल्या काहींना मंत्रिपदाचा दर्जा. ‘अधिवेशनानंतर यादी’, ‘पितृपक्षानंतर यादी’, ‘स्थानिक निवडणुकांनंतर यादी’ ही वाक्यं पेपरात दर सरकारच्या काळात जशीच्या तशी वाचायला मिळतात.

विधान परिषदेतल्या राज्यपालनियुक्त बारा आमदारांचं आठवून बघा. जागा जून २०२० मध्ये रिकाम्या झाल्या. महाविकास आघाडीने नोव्हेंबरात नावं पाठवली. राज्यपालांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये वाजवी वेळेत निर्णय घेणं हे कर्तव्य आहे असं सांगितलं, तरी यादी तशीच. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली. आणि त्या सरकारने तरी लगेच भरल्या का? सात जणांचा शपथविधी झाला १५ ऑक्टोबर २०२४ ला, ज्या दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी. दोन्ही बाजूंचे समर्थक इथे आहेत, त्यांनी आपापल्या सोयीचं अर्धं वाचू नये एवढीच विनंती.

बदल्यांवर स्वतंत्र लिहायला हवं, इथे थोडक्यात. अण्णा हजारेंच्या आंदोलनांनंतर २००५ चा बदल्यांचा कायदा आला. एका जागी साधारण तीन वर्षं, बदली एप्रिल-मेमध्येच, मध्येच करायची तर विशेष कारण लेखी आणि वरच्या अधिकाऱ्याची मान्यता. ‘विशेष कारण’ या दोन शब्दांतून काय काय गेलं याची साक्ष मॅटमधली, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणातली, प्रकरणं देतील. त्याच कायद्यात एक कलम असंही आहे की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. हे कलम लोकांना ठाऊकच नसतं, आणि आम्ही कर्मचारीही त्याची आठवण कुणाला करून देत नसू.

आमदाराचं शिफारसपत्र ही आणखी एक गंमत. पत्र मागेल त्याला मिळतं, त्याने काही होत नाही. पत्रामागून स्वीय सहायकाचा फोन आला तर ते खरं, नाहीतर फाइलला लावून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात सांगितलं की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर काम करू नये, आदेश लेखी नोंदवावा. निकाल उत्तम आहे. पण ‘साहेब, हे लेखी द्या’ म्हणणाऱ्या एका नायब तहसीलदारांचं सामान आम्ही आठ दिवसांत टेम्पोत भरून दिलं होतं. त्यांनी मॅटमध्ये जाऊन बदली रद्द करून आणली, परत रुजू झाले, आणि पुन्हा कधी काही लेखी मागितलं नाही.

आता चुलत्यांसाठी, त्यांना खरंच काही करायचं असेल तर. बैठक दर महिन्याला घ्यायला लावा. तारीख अध्यक्षांनी मागितली की तहसीलदार नाही म्हणत नाहीत, कुणी मागतच नाही. यादी आवक क्रमांकानेच समोर ठेवायला सांगा. पिशवीतले अर्ज असतील तर त्यांनाही आधी क्रमांक पडू दे. त्रुटीतल्या प्रत्येक अर्जावर नेमका कुठला कागद कमी आहे ते लिहायला लावा, नुसतं ‘अपूर्ण’ चालणार नाही. मंजुरीपत्र त्याच आठवड्यात कोतवालाच्या हाती घरी पोचवा. कार्यक्रम हवाच असेल तर नंतर सत्कार ठेवा, पत्र अडवू नका. यातल्या शेवटच्या गोष्टीवरून आमदारांशी वाजेल. तेव्हा चुलते काय करतात ते इथे जरूर कळवा.

आणि काकूंना सांगा, सकाळी सातपासून दारात माणसं बसलेली असतील. चहापावडर आता किलोने आणा.