आई-बाबांना झेपतील अशा, तलाव आणि जुन्या खाणींजवळून जाणाऱ्या सोप्या पायवाटा नागपूरच्या आसपास कुठे आहेत?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून नागपूरला बदली झालीये, आई-बाबा सत्तरीकडे झुकलेत, ट्रेक नको. दोन-तीन तास रमतगमत चालता यावं, वाटेत पाणी दिसावं आणि जमलं तर जुन्या खाणींचा काही मागमूसही. मी रामटेक तालुक्यातला. आजी मॅंगनीजच्या खदानीवर दगड फोडायची, वडीलही पुढे त्याच धंद्यात. तेव्हा हा प्रश्न जणू माझ्या दारातच येऊन पडला.

आधी दोन गोष्टी. रस्ता विचारताना ‘खाण’ म्हणू नका, ‘खदान’ म्हणा. आणि सह्याद्रीत मिळतात तशा बाण रंगवलेल्या वाटा, माहितीचे फलक वगैरे इथे शोधू नका. आमच्याकडचा खदानींचा वारसा कुणी काचेत ठेवलेला नाही. तो रस्त्याच्या कडेला पडलेला असतो आणि पुष्कळदा त्याच्या शेजारी अजून काम चालू असतं.

सुरुवात मनसरपासून करा. नागपूरहून जबलपूर रस्त्याने साधारण पंचेचाळीस किलोमीटर. रामटेककडे वळलात की हिडिंबा टेकडी आणि तिच्या पायथ्याचा तलाव लागतो. टेकडी म्हणजे खरं तर विटांचं प्रचंड बांधकाम, १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या उत्खननात उघडं पडलेलं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात. चढ फार नाही. माझी आई अडुसष्टची, एक गुडघा कुरकुरणारा, तरी मधे दोनदा टेकत वरपर्यंत आली. वरून एका बाजूला तलाव दिसतो, दुसऱ्या बाजूला रामटेकचा डोंगर, आणि मनसर-कांद्रीच्या अंगाला काळपट, पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेले उंचवटे. ती मॅंगनीजची खदान. दीड हजार वर्षांपूर्वीच्या विटा आणि शंभर-सव्वाशे वर्षांची खदान एकाच जागेवर उभं राहून दिसते, म्हणून मी पहिलं नाव मनसरचं घेतो.

(मोबाइलवर नुसतं ‘कांद्री’ टाकू नका. एक कांद्री कन्हानजवळ आहे, कोळशाच्या पट्ट्यात. तुम्हाला हवी ती मनसरला लागून. माझा साळा लग्नाच्या वरातीसकट चुकीच्या कांद्रीत पोचला होता.)

या पट्ट्यातल्या मॅंगनीजसाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रज कंपनी १८९६ मध्ये निघाली. तिचंच पुढे नाव बदललं, आणि १९६२ मध्ये सरकारने भागीदारी घेऊन आजच्या ‘मॉइल’ या मॅंगनीज कंपनीची सुरुवात केली. राहिलेला ४९ टक्के हिस्साही १९७७ मध्ये सरकारकडे आला. मॅंगनीज लागतं ते मुख्यतः पोलादाला. सुरुवातीच्या काळात इथला माल बोटीत भरून परदेशी जायचा आणि आमच्या गावच्या बाया तो हाताने फोडून, निवडून टोपलीत भरायच्या. आजी सांगायची, डोळ्याने निवडलं की फसायला होतं, कारण धुळीने सगळेच दगड काळे. दगड तळहातावर घ्यायचा आणि जरासा उडवून झेलायचा. चांगला माल असला तर हात खाली जातो, फुकाचा दगड असला तर जात नाही. म्हातारपणी बाजारात वांगीसुद्धा ती अशीच झेलून घ्यायची, आणि भाजीवाली वैतागायची.

हे तुम्हाला चालता चालता करून बघता येईल. मनसरच्या आसपास रस्त्याकडेच्या मुरमात काळे, कडा चकाकणारे खडे सापडतात. एक उचला. आकाराच्या मानाने तो जड लागेल, आणि नरम जातीचा असला तर बोटं काजळीसारखी काळी होतील. नशीब असेल तर तपकिरी-नारिंगी दाण्यांचा दगडही मिळेल. ते दाणे मॅंगनीजयुक्त गार्नेटचे. अशा गार्नेट आणि क्वार्ट्झच्या खडकाला भूगर्भशास्त्रात ‘गोंडाइट’ म्हणतात. हे नाव दिलं एल. एल. फर्मोर या इंग्रज भूशास्त्रज्ञाने, हिंदुस्थानातल्या मॅंगनीजवर त्याचा मोठा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. नाव अर्थातच गोंडांवरून. ज्यांच्या जंगलात खड्डे खणले त्यांचं नाव खडकाला दिलं, आता याला मान म्हणायचं की काय, ते बाबांना विचारा. खडा बघून झाला की तिथेच टाका. खदानीच्या हद्दीतला दगड खिशात घालणं ही चोरीच आहे.

चालू खदानीत परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. भोंगा ऐकू आला की सुरुंग उडणार असं समजून हद्दीपासून लांब राहायचं. बाहेरच्या गावरस्त्याने चाललं तरी डंपाचे म्हणजे टाकाऊ दगडाचे ढीग, जुन्या वस्त्या, लालसर-काळी माती सगळं दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या भागात पाणी दोन जातीचं असतं, तलावाचं आणि खड्ड्याचं. लांबून दोन्ही सारखंच गोड दिसतं. तलावाला एका बाजूला मातीची लांब पार असते. पार म्हणजे तुमच्याकडचा बांध. तिच्यावर म्हातारी झाडं आणि बहुतेक वेळा एखादं देऊळ. समोरच्या बाजूला तलाव उथळ होत जातो, तिथे कमळं, गवत, बगळे. बंद पडलेल्या खदानीच्या खड्ड्याला पार नसते. चारही बाजूंनी कडा सरळ खाली, पाणी हिरवं-निळं, गप्प, काठाला गवताची काडी नाही. तरी शंका आली तर गुरांच्या पायवाटेकडे बघा. गुरं जिथे पाण्यापर्यंत उतरतात तो तलाव. खड्ड्याच्या काठाशी येऊन वाट परत फिरलेली दिसेल.

आठवीत असताना आम्ही चार पोट्टे अशाच एका बंद खड्ड्यात पोहायला गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. माझ्या मित्राने उडी मारली आणि पाय टेकायला गेला तर खाली काहीच नाही. तो चांगला पोहणारा, पण बाहेर यायला धरायलाच काही नव्हतं. ओला दगड सटकायचा आणि तो पुन्हा पाण्यात. शेवटी दोन दुपट्टे एकमेकांना बांधून त्याला वर ओढला. तेवढ्यात एक गुराखी बाबा आला आणि आम्हा चौघांनाही काठीने हाणलं, म्हणे, “मराले हीच जागा भेटली का रे तुमाले?” फोटो काढायचा तर दहा-पंधरा पावलं मागून काढा. काठाची माती भुसभुशीत असते आणि खालून पोखरलेलीही असू शकते.

मनसरहून रामटेक जवळच, पाच-सहा किलोमीटर. गडमंदिर तुम्ही बघालच, पण चालायला मी अंबाळा तलाव सांगेन. डोंगराच्या कुशीत घाट आणि काठाकाठाने जुनी छोटी देवळं. सकाळी सातला गेलात तर धुकं पाण्यावरून उठताना दिसतं. इथे दहाव्या-तेराव्याचे विधीही चालतात, तेव्हा कॅमेरा जरा जपून. अंबाळ्याहून गडावर पायऱ्या जातात. लोक सल्ला देतात की गाडीने वर जा आणि पायऱ्यांनी खाली उतरा, म्हणजे सोपं पडेल. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी हा सल्ला साफ चुकीचा. उतरतानाच गुडघा जास्त बोलतो. आईबाबांना तलावाकाठी फिरवा, गडावर गाडीने जा आणि गाडीनेच खाली या. वर वानरं आहेत, प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर बोटिंग आहे, गर्दीही आहे. मला तिथे रविवारी करमत नाही.

दुसरा दिवस हाताशी असेल तर भंडारा जिल्ह्यातलं तुमसर. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर गोबरवाही आणि डोंगरी बुजुर्ग ही स्टेशनं लागतात, आणि हा सगळा मॅंगनीजचाच मुलूख. चिखला खदान जमिनीखालची, डोंगरी बुजुर्ग उघडी. डोंगरीचा माल वेगळा, बॅटरीच्या सेलसाठी लागणारं मॅंगनीज डायऑक्साइड तिथे मिळतं. लहानपणी टॉर्चचा जुना सेल दगडाने फोडून आतली कांडी काढली असेल, तर तिच्याभोवतीची काळी भुकटी आठवत असेल, तीच. आम्ही त्या कांडीने रस्त्यावर रेघा मारायचो आणि घरी आल्यावर शर्टासाठी मार खायचो.

पण तुमसरला मी पाठवतोय ते खरं तर तलावांसाठी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून साडेसहा हजारांच्या वर मालगुजारी तलाव आहेत. मालगुजार म्हणजे इंग्रजांच्या काळातले सारा गोळा करणारे जमीनदार, तलाव त्यांच्या ताब्यातले. सरकारी कागदावर ‘माजी मालगुजारी’, त्याचं लोकांनी केलं ‘मामा तलाव’. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यातले बरेचसे बांधले, ते धानासाठी. कोहळ्यांना जमिनीचा उतार नुसत्या नजरेने कळायचा असं म्हणतात. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींच्या नावाने ओळखला जातो, पण तो एका दिवसात उरकायला लांब पडेल. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढायचा कोणी या प्रश्नावर तेव्हापासून पत्रव्यवहार चालू आहे.

तुमसर-सिहोरा भागात चांदपूरचा मोठा तलाव आहे, टेकडीवर हनुमान. तोही बघा. पण माझं म्हणणं, एखाद्या साध्या गावाशी गाडी लावा आणि तिथल्या तलावाच्या पारीवरून चाला. पार सपाट असते, सावली असते, आणि रस्ता चुकायची सोय नाही. लहान तळ्याला ‘बोडी’ म्हणतात आणि पाणी सोडायच्या तोटीला ‘तुडुम’. हा शब्द आईबाबांना आवडेल. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर धान कापलेल्या बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या वाफ्यांमधून, लाखोरी या कडधान्याची निळी-जांभळट फुलं दिसतील. उभ्या धानातच लाखोरी फेकून देतात, धान निघालं की उरलेल्या ओलीवर ती येते. पाण्यावर अडई बदकं, कमळाच्या पानांवर चालणारे कमळपक्षी. बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे कडेच्या बांधावरून, चालताना मात्र बाबांना पुढे ठेवा, धुरा अरुंद असतो.

कोळशाचा इतिहास हवा असेल तर वरोरा. या भागातली जुनी कोळशाची खदान तिथली, १८७१ ला सुरू झाली आणि १९०६ ला बंद. जमशेटजी टाटांच्या डोक्यात पोलादाचा कारखाना पहिल्यांदा घोळायला लागला तो १८८२ मध्ये, चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडावरचा एका जर्मन भूशास्त्रज्ञाचा अहवाल वाचून. लोखंड लोहाऱ्याचं आणि कोळसा वरोऱ्याचा, असा बेत होता. कोळसा तपासून बघितला तर त्या कामाचा निघाला नाही. नाहीतर जमशेदपूर आमच्याकडेच झालं असतं, असं वरोऱ्याचा प्रत्येक चहावाला सांगतो. चालण्यासारखं मात्र तिथे कमी. आनंदवन बघा, ते तिथेच आहे, आणि परत या.

चंद्रपूर-गडचिरोलीतले जंगलालगतचे तलाव मी मुद्दाम सांगत नाहीये. तिथे वाघ आहे. गंमत नाही, मोहाची फुलं वेचायला गेलेली माणसं दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात मरतात. तिकडे स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय पायी फिरू नका, आणि पहाटे-संध्याकाळी तर नाहीच. मनसर-तुमसरलाही जंगलात आत शिरू नका, गावरस्ता आणि पार पुरेशी आहे.

दिवस ठरवताना दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पळस फुललेला बघायचा मोह झाला तर मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, तेही नऊच्या आत चालणं उरकून. पावसाळ्यात इथली काळी माती बुटाला चिकटते आणि प्रत्येक पायाला किलोभर वजन घेऊन चालावं लागतं.

गाइड लागेल का, असंही विचारलंय. नाही. तलावावर सकाळी ढिवर असतात, जाळं काढणारे. “दादा, इकडून पार धरून पुढं जाता येते का?” एवढंच विचारा, बाकीचं ते न विचारता सांगतील. नोव्हेंबर असेल तर पारीवर एखादी बाई उकडलेले शिंगाडे घेऊन बसलेली असते. काळे, शिंगं असलेले, गरम. सोलायला ती शिकवेल. सुटे पैसे मात्र जवळ ठेवा.