टर्बो बदलण्याआधी : वाहनविषयक प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्याकडे 2012 सालची, 2.2 लिटर डिझेल इंजिनाची सात आसनी एसयूव्ही असून ती आतापर्यंत 1 लाख 70 हजार किलोमीटर चालली आहे. काही महिन्यांपासून कुंभार्ली घाट चढताना गाडी पिकअप घेत नाही आणि ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर मारते. गॅरेजमध्ये टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेल्याचे सांगून 45 हजार रुपयांचा खर्च काढला आहे. तो करावा का?
— एक वाचक, कराड

उत्तर : लगेच करू नये. काळा धूर याचा अर्थ इतकाच की, सिलिंडरमध्ये जाणाऱ्या डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. ती टर्बो बिघडल्यामुळे कमी पडत असेल किंवा टर्बोने दाबलेली हवा वाटेत कुठेतरी निसटत असेल, आणि जुन्या गाड्यांमध्ये दुसरी शक्यता बरीच मोठी असते. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (ही दाबलेली हवा थंड करणारी जाळी) व तेथून इंजिनापर्यंत जे रबरी होज पाइप जातात, ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने खालच्या बाजूला चिरतात. गाडी उभी असताना ती चीर मिटलेली असते, जोर दिला की उघडते. म्हणून बॉनेट उघडून नुसते पाहिल्याने काही दिसत नाही. पाइप काढून, हाताने वाकवून, विशेषतः क्लॅम्पजवळचा भाग तपासावा लागतो. बाहेरून तेलकट काळा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर चीर बहुधा तिथेच असते. हा पाइप साधारण दीड ते चार हजार रुपयांत मिळतो.

त्यानंतर टर्बोची पाती नियंत्रित करणारी व्हॅक्यूमची बारीक नळी आणि ती पाती हलवणारा ॲक्च्युएटर पाहावा, तसेच काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) साफ करून घ्यावा. सफाईला दोन-तीन हजारांपेक्षा जास्त लागू नयेत. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावला असेल, तर केवळ बिघाडाचे कोड न पाहता चालत्या गाडीत टर्बोचा दाब किती मागितला जातो आणि प्रत्यक्षात किती मिळतो, हे दोन आकडे दाखवायला सांगावेत.

टर्बो खरोखर गेला आहे का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद व थंड असताना हवेचा पाइप काढून आतल्या पंख्याचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा. तो तेलाच्या थरावर फिरत असल्याने बाजूला किंचित हलणे स्वाभाविक आहे. परंतु आत-बाहेर सरकत असेल, किंवा पात्यांच्या कडा घासलेल्या दिसत असतील, तर टर्बो उतरवावाच लागेल. पाइपच्या आत तेलाचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नये, तो इंजिनाच्या वाफेबरोबर येतो. मात्र धूर निळसर असेल आणि तेल कमी होत असेल, तर प्रकरण वेगळे आहे. तेव्हा टर्बोच्या सीलबरोबरच रिंग-पिस्टनचीही तपासणी हवी.

टर्बो बदलावाच लागला, तर चांगल्या कारागिराने दुरुस्त केलेला साधारण 15 ते 22 हजारांत बसतो, नव्याला त्याच्या दुप्पट किंवा अधिक लागतात. मात्र तो मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि पूर्णतः तेलावर जगतो, त्यामुळे तेल पुरवणारी नळी साफ न करता आणि तेल-फिल्टर न बदलता बसवलेला नवा टर्बोही थोड्याच दिवसांत जातो. बिलात ही दोन कामे नसतील, तर ते बिल अपुरे समजावे.

प्रश्न : कन्नड घाटात तापमानाचा काटा वर जातो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह उघड-बंद करणारी झडप) काढून टाकला आहे. आता तो म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधली सील) उघडावे लागेल.
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : थर्मोस्टॅट काढणे हा उपाय नव्हे, त्याने मूळ दोष जातो असे नाही, उलट इंजिन एरवी थंड राहून डिझेल जास्त पिते. तो प्रथम पुन्हा बसवावा. मग कूलिंग यंत्रणेला पंपाने दाब देऊन गळती पाहावी. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा मोठा पंखा असेल, तर गाडी तापलेली असताना इंजिन बंद करून तो हाताने फिरवावा : अडखळत फिरला तर ठीक, मोकळा गरगर फिरला तर त्याला इंजिनाशी जोडणारा व्हिस्कस क्लच संपला आहे. रेडिएटरची जाळी कचऱ्याने बुजलेली असणे हेही फार सामान्य कारण आहे. या गोष्टी निर्दोष निघाल्या आणि कूलंटमध्ये सिलिंडरचा वायू मिसळत असल्याचे चाचणीत आढळले, तरच हेड उतरवावे. लेथवर हेड फेस करण्यासह (त्याचा पृष्ठभाग सपाट करण्यासह) त्याला 20 ते 35 हजार रुपये लागू शकतात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

प्रश्न : माझ्या गाडीची 15 वर्षांची नोंदणी लवकरच संपते. समोरून खटखट आवाज येतो. पुढे खर्च करावा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आवाज बहुधा पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनमधील लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंटचा असेल, मजुरीसह आठ ते पंधरा हजारांत काम होते, आणि त्यासाठी गाडी विकण्याचे कारण नाही. नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. खासगी मोटारीसाठी 5 हजार रुपये शुल्क आहे. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. तुमच्या भागात निर्णय ठरतो तो चेसिसवर. खाऱ्या हवेने गंज लागतो तो आतून, त्यामुळे वरचा नवा रंग पाहून फसू नये. गाडी रॅम्पवर चढवून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत जावे. जिथे आवाज बोदा येतो किंवा पापुद्रे सुटतात, तिथे वेल्डिंगने भागेल की नाही, हे तपासूनच सस्पेन्शनच्या कामाला हात लावावा.