जुनी फ्लॅशगन, नवा कॅमेरा: आधी मीटर, मग हॉट शू

वडिलांच्या स्टुडिओतली व्हिविटार २८३ फ्लॅशगन अजून झकास चालते. माझ्या कॅनन आर ६ वर लावू का? (सातारा)

गनच्या पायाशी येणारं व्होल्टेज मोजल्याशिवाय हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत, अजिबात लावू नका. २८३ वर्षानुवर्षं विकली गेली. नाव तेच, रूप तेच, पण आतलं सर्किट बदलत गेलं. जपानमध्ये बनलेल्या सुरुवातीच्या अनेक गनच्या पायाशी दोनशे-तीनशे व्होल्ट असतात, कधी त्याहूनही जास्त. नंतरच्या बऱ्याच गनमध्ये हेच व्होल्टेज दहाच्या आसपास किंवा त्याखाली आहे. त्यामुळे "मित्राची २८३ चालते, मग माझीही चालेल" हा हिशेब इथे लागू पडत नाही.

जुन्या फिल्म कॅमेऱ्यात शटर उघडताना धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि फ्लॅश उडायचा. त्या पट्ट्यांना तीनशे व्होल्टचं काहीच वाटत नसे. आताच्या कॅमेऱ्यात त्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच आहे. तो एका फटक्यात जाऊ शकतो किंवा महिनाभर नीट चालून मग दगा देतो. पहिले चार फोटो व्यवस्थित आले म्हणून निर्धास्त होऊ नका.

मोजायचं असं. गनमध्ये नवे सेल घाला, गन चालू करा. रेडी लाइट लागल्यावरही थोडं थांबा, कारण व्होल्टेज त्यानंतरही चढत राहतं. डिजिटल मल्टिमीटर डीसीच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवा. लाल पिन गनच्या पायाच्या मधल्या टिकलीवर, काळी पिन पायाच्या बाजूच्या धातूवर. दोन्ही पिना एकमेकींना लागू देऊ नका आणि बोटं प्लास्टिकवरच ठेवा. काट्याचा जुना मीटर वापरू नका. तो स्वतःच करंट ओढतो आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवतो.

निकॉनच्या डीएसएलआर मॅन्युअलमध्ये हॉट शूसाठी २५० व्होल्टची मर्यादा दिलेली असते आणि उलट्या ध्रुवाचं, म्हणजे मायनस व्होल्टेज नको असंही बजावलेलं असतं. कॅननने ५डीसारख्या बॉडीत बाजूच्या पीसी सॉकेटला (फ्लॅशची तार जोडायच्या भोकाला) २५० व्होल्टची हद्द दिली आहे, पण जास्त व्होल्टेजची गन हॉट शूवर लावू नका असं वेगळं सांगितलं आहे. लोक हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात. माझं मत विचाराल तर सहा व्होल्टच्या आत असेल तर थेट लावा. त्याच्या वर असेल तर आपल्या बॉडीचं मॅन्युअल उघडा, आणि तिथे स्पष्ट आकडा नसेल तर गन कॅमेऱ्यावर चढवू नका.

मोजून सुरक्षित निघाली आणि तरी उडत नसेल, तर कॅमेऱ्याचं शटर इलेक्ट्रॉनिकवर किंवा सायलेंटवर आहे का ते पाहा. मेकॅनिकलवर आणा.

माझ्या कॅनन १५००डी वर कुठलीच जुनी गन उडत नाही. कॅमेरा बिघडलाय का? (नाशिक)

नाही. जुन्या गनला उडायचा इशारा देणारी हॉट शूमधली मधली पिनच कॅननने या बॉडीत ठेवलेली नाही. ३०००डी आणि २००डी मार्क टू यांचंही तसंच आहे. दुरुस्तीला पैसे घालू नका.

निकॉन डी७५०० वर एसबी-२८ ही जुनी गन लावली की शटरच दबत नाही. (नागपूर)

गन टीटीएलवर, म्हणजे लेन्समधून येणारा उजेड मोजून फ्लॅश ठरवणाऱ्या मोडवर असणार. तिचं टीटीएल फिल्मच्या काळातलं आहे, डिजिटल बॉडीला ते समजत नाही म्हणून कॅमेरा शटर अडवतो. गन 'ए' (ऑटो) किंवा 'एम'वर (मॅन्युअल) टाका. 'ए'मध्ये गनचा स्वतःचा सेन्सर उजेड मोजतो, आणि लग्नाच्या धावपळीत तो आजही उत्तम काम देतो.

पंधरा वर्षं कपाटात पडलेली गन सुरू करू का? (पणजी)

आधी सेलचा कप्पा पाहा. दमट हवेत गळलेल्या सेलची पांढरी-हिरवी बुरशी पट्ट्यांवर हमखास सापडते. ती व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग नवे सेल घालून गन चालू करा आणि न उडवता काही वेळ तशीच राहू द्या. फ्लॅशची वीज साठवणारा, पडून राहिलेला कपॅसिटर हळूहळू सावरतो. त्यानंतर थोड्या थोड्या वेळाने पूर्ण ताकदीने काही वेळा उडवा. रेडी लाइट लागायला लागणारा वेळ कमी होत गेला तर गन जिवंत आहे. शिट्टीचा आवाज थांबतच नसेल, वास आला किंवा गन तापली, तर बंद करा. घरी मात्र ती उघडू नका. आतला कपॅसिटर सेल काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास भरलेला राहू शकतो आणि तो झटका जिवावर बेतू शकतो.

मोजलं तर २४० व्होल्ट निघाले. आता गन भंगारात? (पुणे)

मुळीच नाही! कॅमेऱ्यापासून लांब ठेवून वापरा. रेडिओ ट्रिगरचा रिसीव्हर गनखाली लावा, मात्र रिसीव्हरची स्वतःची व्होल्टेज मर्यादाही तपासा. स्वस्त रिसीव्हर इथेच जळतात. ऑप्टिकल स्लेव्ह दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून गन उडवतो, त्याला तर कॅमेऱ्याशी तारही लागत नाही. फक्त कॅमेऱ्यावरची छोटी गन मॅन्युअलवर ठेवा. टीटीएलमध्ये ती खऱ्या फ्लॅशआधी एक हलका फ्लॅश मारते, त्यालाच फसून तुमची जुनी गन आधीच उडून मोकळी होते आणि फोटो काळा येतो. कॅमेऱ्यावरच लावायची असेल, तर मध्ये वाईन सेफ-सिंकसारखा व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर घाला.

एक्स्पोजरसाठी गाइड नंबरला, म्हणजे गनच्या ताकदीच्या आकड्याला, अंतराने भागा, की एफ-नंबर मिळतो. आयएसओ १०० ला ३६ गाइड नंबरची गन साडेचार मीटरवर असेल तर एफ/८. अंतर गनपासून माणसापर्यंतचं मोजा, कॅमेऱ्यापासूनचं नव्हे.